प्रयोगातून आलेली धुरकट स्कॉच चाखायची कशी? आर्डबेगच्या दोन बाटल्या आणि नऊ टप्पे

एखादी प्रयोगशील, धुरकट स्कॉच मोठ्या हौसेनं उघडली जाते. पहिल्या घोटाला कुणीतरी म्हणतं, "काय धूर आहे राव!" बाकीचे माना डोलावतात आणि चखण्याची ताटली फिरू लागते. पण धूर त्याच डिस्टिलरीच्या रोजच्या बाटलीतही होता. जास्तीचे पैसे मोजले ते प्रयोगासाठी, आणि तो नेमका कुठे लागला हे कुणालाच सांगता येत नाही.

कारण सोपं आहे. एकटी बाटली चाखून प्रयोग कळत नाही. त्यासाठी शेजारी त्याच घराची नेहमीची व्हिस्की हवी आणि दोघींतला फरक शोधायला हवा. खालची सगळी पद्धत त्या फरकासाठी आहे. उदाहरणाला स्कॉटलंडच्या आयला बेटावरची (होय, उच्चार असाच) आर्डबेग डिस्टिलरी घेतली आहे: नेहमीची 'आर्डबेग टेन' आणि २०२३ च्या आर्डबेग डेसाठी (डिस्टिलरीचा वार्षिक उत्सव) आलेली 'हेवी व्हेपर्स'. दोन्ही ४६ टक्क्यांच्या. जोडी वेगळी असली तरी टप्पे हेच राहतात.

महाराष्ट्रात स्पिरिट पिण्यासाठी वयाची पंचवीस पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो. चाखल्यावर गाडी चालवायची नाही, हे गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: प्रयोग कोणत्या पायरीवर झाला, हे आधी ठरवा

बाटली उघडण्याआधीचं हे काम लोक सर्रास टाळतात. व्हिस्की बनताना चार ठिकाणी ढवळाढवळ करता येते आणि प्रत्येक ठिकाणची खूण तोंडात वेगळ्या जागी सापडते.

माल्ट. भिजवून मोड आणलेलं बार्ली पीटच्या (दलदलीतली, अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची जळणारी माती) धुरावर वाळवतात, तेव्हा फिनॉल नावाची संयुगं दाण्याला चिकटतात. त्यांचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं सांगतात. आर्डबेगचं माल्ट साधारण ५० ते ५५ पीपीएमचं असतं. आयलावरच्याच ब्रुइकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर ८.३ चं माल्ट तब्बल ३०९ पीपीएमचं होतं. पण हा आकडा माल्टचा आहे, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. काही फिनॉल चोथ्यात राहतात, काही स्टिलमधल्या (ऊर्ध्वपातनाचं भांडं) उरलेल्या पाण्यात जातात, काही पिंपातल्या वर्षांत कमी होतात. त्यामुळे सहापट आकड्याची व्हिस्की सहापट धुरकट लागत नाही.

आंबवणं. आर्डबेग फर्म्युटेशन या प्रकारातली. २००७ मध्ये डिस्टिलरीचा बॉयलर बंद पडला आणि वॉशबॅकमध्ये (आंबवण्याची मोठी टाकी) आंबत असलेला द्रव पुढे नेता येईना. एरवी तीन दिवसांच्या आसपास उरकणारं आंबवणं तीन आठवड्यांपर्यंत चाललं. तेरा वर्षांची ती व्हिस्की २०२२ मध्ये ४९.४ टक्क्यांवर बाजारात आली. इतक्या लांब आंबवण्यात यीस्ट थकल्यावर जिवाणूंचं राज्य सुरू होतं आणि आम्लता वाढते. ही खूण शोधायची वासाच्या पहिल्या क्षणात आणि जिभेच्या कडांना.

ऊर्ध्वपातन. आपली हेवी व्हेपर्स इथली. आर्डबेगच्या दुसऱ्या स्टिलच्या वरच्या नळीला प्युरिफायर जोडलेला असतो. वर जाणाऱ्या वाफेतला जड भाग त्यात गार होऊन द्रव बनतो आणि पुन्हा स्टिलमध्ये परततो, म्हणजे त्याला परत उकळावं लागतं. इतक्या धुरातही आर्डबेगमध्ये फळांचा आणि लिंबाचा ताजेपणा टिकतो, त्याचं बरंचसं श्रेय या जोडणीला दिलं जातं. हेवी व्हेपर्ससाठी ती बंद ठेवली आणि जड वाफ थेट पुढे गेली. याची खूण वासापेक्षा घोटाच्या वजनात, तेलकटपणात आणि मधल्या चवीत सापडते.

पिंप. २०११ ची आर्डबेग ॲलिगेटर आतून खूप खोल जाळलेल्या पिंपांतली होती. २०२३ ची बिझारबीक्यू बार्बेक्यूच्या कल्पनेवर भाजलेल्या पिंपांची, ५०.९ टक्क्यांची. इथे एक घोळ होतो. जळलेल्या लाकडाचा वास आणि पीटचा धूर ही दोन वेगळी माणसं आहेत, पण नाक घाईत दोघांना एकाच नावानं हाक मारतं. पिंपाची खूण घोट गिळल्यानंतर जास्त स्पष्ट होते: गोडवा, कडवटपणा, मसाला.

सावधान: लेबलावरची गोष्ट नीट वाचा. २०११ मध्ये आर्डबेगच्या स्पिरिटच्या कुप्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेल्या आणि त्या निमित्तानं २०१२ मध्ये 'गॅलिलिओ' ही बाटली आली. पण गॅलिलिओतली व्हिस्की कधीच अवकाशात गेली नव्हती. तिच्यातलं वेगळेपण मार्साला वाइनच्या पिंपांचं होतं. तिच्यात अंतराळ शोधणाऱ्यांनी उगाच डोकं शिणवलं.

तपासा: "या बाटलीत अमुक बदललं, म्हणून मी फरक तमुक जागी शोधणार" असं एक वाक्य कागदावर लिहिता आलं का? नसेल तर बूच काढू नका.

## टप्पा २: तुलनेची बाटली निवडा

तुलनेची बाटली त्याच डिस्टिलरीची हवी. हेवी व्हेपर्सशेजारी आयलाच्याच लॅफ्रॉइग किंवा लागावुलिन डिस्टिलरीची बाटली ठेवली तर तुम्ही दोन डिस्टिलऱ्यांची तुलना कराल, आणि प्रयोग बाजूला राहील.

दारूची तीव्रताही सारखी हवी. टेन आणि हेवी व्हेपर्स दोन्ही ४६ टक्क्यांच्या असल्यानं इथे आपलं काम सोपं होतं. फर्म्युटेशन असेल तर तिच्या २० मि.ली.मध्ये दीड मि.ली. पाणी घालून ती ४६ वर आणा. बिझारबीक्यूला दोन मि.ली.पेक्षा किंचित जास्त लागतं. हे केलं नाही तर जास्त तीव्र व्हिस्की नेहमीच 'भारी' वाटते आणि त्याचं श्रेय प्रयोगाला जातं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात: दोन्ही बाटल्या साधारण एकाच वेळी उघडलेल्या असाव्यात. टेन गेल्या दिवाळीपासून अर्धी पडून आहे आणि हेवी व्हेपर्स आज फोडली, तर मिळणारा फरक अर्धा हवेचा असेल. जमलं नाही तर नवी बाटली उघडून थोडी ओता आणि एक-दोन आठवडे थांबा.

दोन्ही बाटल्या एकट्यानं घेणं खिशाला परवडत नाही. चौघांनी मिळून घ्या आणि स्वच्छ काचेच्या लहान कुप्यांत ६०-६० मि.ली. वाटून घ्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत.

आणि धुराचा सरावच नसेल, तर सुरुवातीला इतकी खर्चिक जोडी कशाला? गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनची 'ब्रिलियन्स' पीटशिवायची आणि 'बोल्ड' पीटची, दोन्ही ४६ टक्क्यांच्या. ही जोडी स्कॉच नाही, पण घर एक आणि धूर कमी-जास्त, असा धडा तिच्यावर छान गिरवता येतो. मग आयलाकडे वळा.

## टप्पा ३: खोली, पाणी, ग्लास

अर्ध्याहून जास्त चाखण्या इथेच फसतात. बाटलीत काहीही बिघडलेलं नसतं. बिघाड आपल्या घरातल्या वासांचा असतो.

वास. त्या संध्याकाळी उदबत्ती नाही, धूप नाही, डासांची कॉइल तर अजिबात नाही. ज्या व्हिस्कीत तुम्ही धुराचे पदर शोधणार आहात, तिच्याभोवती दुसरा धूर असून चालेल कसं? स्वयंपाकघरात फोडणी पडली असेल तर तासभर खिडक्या उघड्या ठेवा. अत्तर, आफ्टरशेव्ह, सुगंधी सॅनिटायझर वर्ज्य. हात बिनवासाच्या साबणानं धुवा.

ग्लास. तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न सगळ्यांत सोयीचा, नसेल तर लहान वाइन ग्लास चालतो. जाड बुडाचा, पसरट तोंडाचा पेला दिसायला रुबाबदार, पण त्यातून वास उडून जातो. ग्लास आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्यानं धुवून उलटा न ठेवता हवेवर वाळवा. भांडी घासायच्या साबणाचा लिंबू काचेवर रेंगाळतो आणि उद्या तुम्ही तोच "वा, सायट्रस!" म्हणून लिहून ठेवता. कपाटातल्या डांबरगोळ्यांचाही असाच त्रास. आयलाच्या व्हिस्कीत डांबराची छटा खरोखरच असते, त्यामुळे फसगत लक्षातही येत नाही.

पाणी. नळाचं नको. त्यातल्या क्लोरिनचा दवाखानी वास आयलाच्या औषधी वासाच्या इतका जवळचा आहे की कोण कोणाचं ते कळेनासं होतं. फिल्टरचं किंवा बाटलीबंद साधं पाणी घ्या. सोडा नाही.

तापमान. पुस्तकांतलं 'रूम टेंपरेचर' थंड देशातल्या खोलीचं असतं. मुंबईत मे महिन्यात खोली बत्तीस अंशांवर असते. एवढ्या उष्णतेत अल्कोहोल आधी उसळतं आणि नाकात नुसती झणझण होते. एसी २२ वर ठेवून बाटल्या अर्धा तास तिथेच राहू द्या. एसी नसेल तर घट्ट बंद बाटली माठातल्या गार पाण्याच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उभी करा. २० ते २२ अंश उत्तम. फ्रिजमध्ये ठेवू नका.

तोंड. जेवण दोन तास आधी. त्यात ठेचा, कच्चा कांदा, लसूण नको. चहा-कॉफी, पान, बडीशेप, नुकतीच केलेली दातांची स्वच्छता, सगळंच तोंड बिघडवतं. चखणा शेवटी. मसाला शेंगदाणे आधी आले की संध्याकाळ शेंगदाण्यांची झाली म्हणून समजा. जीभ साफ करायला पाणी आणि बिनमिठाची, बिनतेलाची पोळी किंवा साधा पाव पुरतो.

तपासा: रिकाम्या ग्लासात नाक घाला. काहीही वास आला तर पुन्हा गरम पाणी.

## टप्पा ४: ओता आणि थांबा

प्रत्येक ग्लासात २० मि.ली. मापून ओता. औषधाच्या दुकानात मिळणारी पाच मि.ली.ची सिरिंज सुईशिवाय घ्या, पुढे पाण्यालाही तीच उपयोगी पडते. डाव्या हाताला टेन, उजव्या हाताला प्रयोग. जागा बदलायची नाही.

ग्लासांवर छोट्या बशा झाका, दहा मिनिटं थांबा. रंगाकडे बघा आणि सोडून द्या. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालण्याची कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे रंगावरून वय किंवा पिंप ओळखणाऱ्यांच्या नादी लागू नका. काचेवरून ओघळणाऱ्या रेषांचंही तेच: त्यातून मुख्यतः अल्कोहोलची तीव्रता कळते, आणि ती बाटलीवर छापलेलीच असते.

सावधान: बर्फ नाही. थंडीनं वास दबतो. शिवाय आर्डबेग चिल-फिल्टर केलेली (थंड करून गाळलेली) नसते, त्यामुळे बर्फ पडला की ती धुरकटल्यासारखी गढूळ होऊ शकते. तो दोष नाही, पण आपल्या कामाचंही नाही.

## टप्पा ५: नाक

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. घाई करणाऱ्याला धुरापलीकडचं काही भेटत नाही.

१. पहिला वास टेनचा. ग्लास छातीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. अल्कोहोल टोचायला लागलं की तिथेच थांबा, बोटभर मागे घ्या. ती तुमची जागा. नाक ग्लासात खुपसायचं नाही.

२. तोंड किंचित उघडं ठेवून छोटे, हलके श्वास घ्या. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्यानं फक्त अल्कोहोल वर येतं. एकदा तिरपा करून काच ओली केली की पुरे.

३. अर्धा मिनिट झालं की ग्लास ठेवा. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. आपल्या कातडीला नाक सरावलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा ताळ्यावर येतं. कॉफीच्या बिया हुंगू नका, तो आणखी एक जळका वास.

४. आता तेच प्रयोगाच्या ग्लासाबरोबर. मग परत टेन. मग परत प्रयोग.

५. पाचवी पायरी मुद्दाम करायची आहे. एकाच ग्लासाचा वास सलग सात-आठ वेळा घ्या. नाक एकाच वासाला लवकर सरावतं. धूर सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, म्हणून सरावाचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. तो मागे सरला की खाली दबलेलं वर येतं: फळ, व्हॅनिला, गवत, कोको, काय असेल ते. जे वर आलं ते लगेच लिहा, कारण ही खिडकी फार वेळ उघडी राहत नाही. मग पाच मिनिटं खोलीबाहेर जा आणि दुसऱ्या ग्लासाला हेच करा.

लिहिताना तीन प्रश्नांना चिकटून राहा. धूर कोरडा आहे की ओलसर? ताजं-आंबट काही आहे की नाही? वास वर उडतो की ग्लासात खाली बसून राहतो? टेनमध्ये लिंबाच्या सालीसारखा ताजेपणा सहसा लवकर सापडतो. हेवी व्हेपर्समध्ये तो किती मागे गेला आणि त्याची जागा कशानं घेतली, हा खरा प्रश्न.

शब्द आपलेच वापरा. 'बॉनफायर नाइट' किंवा 'लॅपसांग सूशाँग' परक्या समीक्षकाच्या वहीत ठीक आहे. जो वास तुम्ही कधी घेतला नाही, तो ग्लासात सापडणार नाही. धुराचे प्रकार असे वेगळे करता येतील:

- औषधी: टिंक्चर आयोडीन, बँडेज, दवाखान्याची नुकती पुसलेली फरशी
- दर्याचा: सुके बोंबील, कोलंबीचे सोडे, बंदरावरचा ओला दोर
- जळका: भरताच्या वांग्याची करपलेली साल, कोळसा, राख
- डांबरी: रस्त्याचं ताजं काम, होडीला फासलेलं डांबर
- मातकट: ओलं पोतं, भाजलेल्या शेंगांची टरफलं

"धुरकट" एवढंच लिहिलं असेल तर ते खोडा आणि यातला प्रकार निवडा.

सावधान: चौघे बसला असाल तर या टप्प्यावर कुणी बोलायचं नाही. एकानं "वेलची!" म्हटलं की सगळ्यांनाच ती येऊ लागते. त्यातही बोलणारा वयानं मोठा आणि बाटली त्यानंच आणलेली असेल, तर मग विचारूच नका.

## टप्पा ६: जीभ

पहिला घोट टेनचा, दोन मि.ली.पेक्षा जास्त नाही. तो मोजायचा नाही. त्याचं काम तोंडाला अल्कोहोलची ओळख करून देणं एवढंच. पहिल्याच घोटावर मत बनवणं ही बहुधा सगळ्यांत सार्वत्रिक चूक आहे.

एक मिनिटानं दुसरा घोट, तीन मि.ली. दहा-बारा सेकंद तोंडात ठेवा, सगळीकडे फिरवा. जीभ टाळूला घासून बघा: पातळ, रेशमी, तेलकट की मेणचट? ऊर्ध्वपातनातल्या बदलाची खूण इथे भेटते, म्हणून हेवी व्हेपर्ससाठी हा क्षण वासाइतकाच मोलाचा आहे. मग गिळा (किंवा वाडग्यात थुंका, त्यात काही कमीपणा नाही), तोंड बंद ठेवा आणि नाकानं श्वास बाहेर सोडा. घशामागून नाकात जाणारा वास समोरून घेतलेल्या वासाहून वेगळा असतो आणि धूर बहुतेकदा इथे पूर्ण उलगडतो.

घड्याळ लावा. पंधरा सेकंदांनी काय उरलं, मिनिटानं काय, तीन मिनिटांनी काय? राख, मिरी, गोडवा, मीठ, कडूपणा, कोण आधी निघून गेलं आणि कोण मुक्काम ठोकून बसलं, तेवढं लिहा.

पोळीचा तुकडा, पाणी, दोन मिनिटांची विश्रांती. मग प्रयोगाचा ग्लास, याच क्रमानं. त्यानंतर टेनचा आणखी एक छोटा घोट. हा परतीचा घोट वगळू नका. जड व्हिस्कीनंतर टेन अचानक हलकी, लिंबाळ वाटली, तर प्युरिफायर काय काम करतो ते तुमच्या तोंडात सिद्ध झालं.

तपासा: जीभ बधिर वाटतेय, दोन्ही सारख्याच लागताहेत? ग्लास झाका, वीस मिनिटं थांबा. पुढचा घोट मोठा घेणं हा उपाय नाही.

## टप्पा ७: पाणी

"पीटेड व्हिस्कीत पाणी घातलं की धूर मरतो" हे ठामपणे सांगणारा प्रत्येक गटात एक असतो. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय सिम्युलेशननं वेगळं चित्र मांडलं. धुरकट वासाचं ग्वायकॉल हे संयुग ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात द्रवाच्या पृष्ठभागापाशी जमतं. त्याहून बऱ्याच तीव्र मिश्रणात ते आत दडतं. म्हणजे जरासं पाणी वासाला मदत करू शकतं. धो-धो ओतलं तर सगळंच पातळ होणार, ते वेगळं.

आतापर्यंत ग्लासात साधारण १० मि.ली. उरली असेल. सिरिंजनं दीड मि.ली. पाणी घाला, व्हिस्की ४६ वरून ४० टक्क्यांवर येईल. दोन्ही ग्लासांत पाणी सारखंच. चमच्यानं किंवा अंदाजानं घालू नका, एका ग्लासात जास्त पडलं की तुलना संपली. तीन-चार मिनिटं झाकून ठेवा, मग वास, मग छोटा घोट.

पाण्यानंतर आधी न दिसलेलं काही आलं का, आणि ते दोन्ही ग्लासांत आलं की एकातच? दोन्हींत आलं तर ते डिस्टिलरीचं. एकातच आलं तर प्रयोगाचं असण्याची शक्यता मोठी.

हवं तर शेवटच्या थेंबांत जेवढी व्हिस्की उरली तेवढंच पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास या. ब्लेंडर लोक (वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून मेळ जमवणारे) वास घेताना असंच करतात, कारण अल्कोहोलचा पडदा हटतो आणि लपलेले दोषही उघडे पडतात. पिण्याची मजा त्यात नाही, हुंगायची आहे.

## टप्पा ८: फरकाची नोंद

दोन स्वतंत्र वर्णनं लिहून उपयोग नाही. एका ओळीत एकच गोष्ट आणि दोन्हींची तुलना, अशी नोंद करा: लिंबू टेनमध्ये ठळक, प्रयोगात मागे. तेलकटपणा प्रयोगात जास्त. राख दोन्हींत सारखी. अशा पाच-सहा ओळी पुरतात. त्यातल्या "सारखी" असलेल्या ओळी पुसू नका, त्या फरकाइतक्याच कामाच्या आहेत. मग पहिल्या टप्प्यात लिहिलेलं वाक्य काढा. फरक अपेक्षित जागी सापडला का?

गुण द्यायची घाई नको. शंभरपैकी ८७ म्हणून काही कळत नाही, आणि आवडली-नावडली हा प्रश्न इथून पुढचा आहे.

## टप्पा ९: डोळे झाकून खात्री

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाच्या मदतीनं. तीन ग्लास, बुडाला खुणेच्या चिठ्ठ्या. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी १० मि.ली. रंगावरून कळू नये म्हणून ग्लासांना कागद गुंडाळा. ओतणाऱ्यानं दुसऱ्या खोलीत जावं, नाहीतर त्याचा चेहराच सांगतो.

तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. सलग तीन वेळा बरोबर आलं तर ती सत्तावीसात एक, म्हणजे बहुधा तुम्हाला फरक खरंच कळतोय. तिन्ही फेऱ्या एका रात्रीत करू नका, तिसऱ्या फेरीला नाक दमलेलं असतं.

ओळखता आलं नाही तर? 'हेवी' हे नाव वाचून आदल्या दिवशी घोट जड वाटला असण्याची शक्यता उरते. लेबल अशी करामत नेहमीच करतं. नोंदवहीत तसं लिहा, आणि पुढच्या वेळी प्रयोगाची बाटली घेताना आधी कुणाकडून तरी ३० मि.ली.ची कुपी मिळते का बघा.

## उरलेल्या बाटल्यांचं काय

उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. उजेड नको, देव्हाऱ्याजवळचं कापराच्या वासाचं कपाट नको. पातळी तिसऱ्या भागावर आली की लहान बाटलीत काढा, धुराची धार हवेनं लवकर उतरते असा बहुतेकांचा अनुभव आहे. आणि बुचाजवळ उघडल्याची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हीच जोडी पुन्हा मांडायची झाली, तर कोणती बाटली किती काळ उघडी आहे हे आठवत बसावं लागणार नाही.